मापाचा रिटेक

सांगली, १९ जून

वहिनी,

वर "सप्रेम नमस्कार" लिहिलं होतं, ते खोडलं. आमच्या घरातल्या माणसानं तुम्हाला प्रेमानं काही लिहावं अशी परिस्थिती राहिलेली नाही, एवढी अक्कल मला आहे. पण फाडायच्या आधी वाचा तरी.

रविवारी मी पलूसला येऊन गेले. तुम्हाला कुणी सांगितलं की नाही, माहीत नाही. नानांनी मला फाटकातच तांब्याभर पाणी दिलं, "परीक्षा झाली का?" एवढं विचारलं आणि फाटक लावून घेतलं. मला राग नाही आला. माझ्या लेकीला कुणी असं छळलं असतं, तर मी पाणीसुद्धा दिलं नसतं. तुमचा फोन बंद, नाना माझा उचलत नाहीत, मग राहिलं काय? वर्षभर एमबीएत 'ग्राहकापर्यंत पोचायचे मार्ग' पाठ करून शेवटी मी पोस्टाच्या पेटीपाशी उभी आहे.

आधी आईचा निरोप. "आता आखाड लागतोयच. आखाडात नवी सून माहेरीच असती, म्हंजी गावात बोभाटा न्हाई. श्रावण लागला की गाडी पाठवतो, मानानं यावं." निरोप संपला. जसाच्या तसा लिहिलाय. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं तुम्ही यावं.

आता माझं. ती क्लिप मी इतक्या वेळा पाहिलीय की मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. म्हणून मी स्वतः काय पाहिलं ते लिहून ठेवते. कागद ठेवा नाहीतर चुलीत घाला.

मी दारात आडवी उभी होते. नवऱ्याची बहीण, त्यामुळं दार अडवून "लेक देणार का माझ्या लेकाला?" विचारायचा मान माझा. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. तुम्ही उजव्या पायाच्या अंगठ्यानं ते अलगद कलंडवलंत, तांदूळ आत सांडले, आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तुम्ही घरात आलात. सगळीकडं लग्न इथंच संपतं.

पण आमच्याकडं साईराज आहे. माझा चुलतभाऊ. तुम्ही त्याला हळदीत "फोटोग्राफर भाऊजी" म्हणालात आणि तो फुगून बसला, कारण तो 'कंटेंट क्रिएटर' आहे. "वहिनी, परत एकदा. उन्हाची तिरीप आली मधी." तुम्ही परत बाहेर गेलात. आम्ही तांदूळ गोळा करून माप भरलं. दुसऱ्यांदा कुणाचं तरी शेंबडं पोरगं मध्ये आलं. तिसऱ्यांदा त्याला तुमचं पाऊल मिळमिळीत वाटलं. आत्या तेव्हाच कुरकुरली, "आरं, लक्षुमी काय अशी सारखी आत-भाईर करती व्हय?" आईनं तिला दाबलं, "आता नवी पद्धत हाय, तू गप."

सकाळपासून तुमच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, अंगावर तो शालू, वर मे महिना. "जोरात मारा, वहिनी! तांदूळ हवेत उडाले पायजेत. स्लो मोशनला लय भारी दिसतंय." तुम्ही दादाकडं पाहिलंत. दादा म्हणाला, "मार की, एकदाचं मिटू दे." मग तुम्ही मारलंत. माप गडगडत आबांच्या पायाशी गेलं, तांदूळ त्यांच्या फेट्यात. आबा सासरे असूनही म्हणाले, "शाब्बास! शाळंत फुटबॉल खेळत हुतीस काय गं पोरी?" सगळे हसले. आई पण हसली. मी पाहिलंय वहिनी, पदर तोंडाला लावून डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसत होती.

दादाची रजा संपली, तो सिक्कीमला गेला, आणि लगेच साईराजनं ती चौथी लाथ तेवढी इन्स्टावर टाकली. आधीच्या तीन वेळा कुठं गेल्या विचारलं तर म्हणतो, "फोन फुल झालता, उडवल्या." खाली लिहिलं, 'शिकलेली सून घरात आली'. पुढचं तुम्हाला मी काय सांगू? अन्नाला लाथ मारणारी. फौजीचं नशीब फुटलं. असलीला पहिल्याच दिवशी कोंडून हाणायला पाहिजे. कुठल्या कुठल्या गावचे बाप्ये, डीपीला महाराजांचा फोटो लावलेले, बाईला काय करावं ते लिहीत होते. त्यातल्याच कुणी तुमचा नंबर शोधून काढला.

आणि आई! हसलेली आई! शेजारणींनी कमेंटी वाचून दाखवल्या आणि तिला तिचं स्वतःचं हसू आठवेना. तुमच्या तोंडावर "माज हाय तुला" म्हणाली ते मला तुम्ही गेल्यावर कळलं, मी इथं परीक्षेत होते. मी घरी जाऊन भांडले, तर म्हणते, "एवढी हजारो माणसं काय खोटं बोलत्याली व्हय?"

तुमची,
शिवांजली

सांगली, ४ जुलै

वहिनी,

तुमचं चार ओळींचं पत्र पोचलं. "क्लिपचं आता काही वाटत नाही. मेडिकलमध्ये लोक गोळ्या घ्यायला कमी आणि मला बघायला जास्त येतात, त्याचीही सवय होईल. पण त्यांनी एकदाही फोन केला नाही, नानांच्या नंबरवरसुद्धा नाही. मला तेवढंच कळतं."

ते वाचून आईला फोन केला तर म्हणाली, "वर पोस्टवर रेंज नसती." नसते, हे खरं आहे. तो खाली तळावर उतरला की मगच त्याचा फोन येतो. पण आईला येतो, मग पलूसला का येत नाही? दादा असा नाही. म्हणजे मला वाटत होतं की नाही. पुढच्या आठवड्यात घरी जाते आणि छडा लावते.

काल वर्गात जे झालं ते तुम्हाला सांगू नये, असं त्रिशलाचं म्हणणं. त्रिशला माझी रूममेट, इथलीच, मिरजेकडच्या जैनांची. तिला सगळं माहीत आहे. पण मला दुसरं सांगायला कोण आहे?

डिजिटल मार्केटिंगचे सर दर आठवड्याला एक 'लोकल केस स्टडी' लावतात. दिवे मालवले, पडदा उजळला आणि तुमचा पाय. भिंतीएवढा. मेंदी, जोडवी, सगळं. माप उडालं, तांदूळ उडाले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी थांबवून विचारलं, "इथं काय वर्क झालं, बोला." हात वर झाले. "सर, पहिल्या दोन सेकंदांत हूक आहे, नजर अडकते." "सर, लोक चिडले की थांबतात, थांबले की शेअर करतात." सर खूश. म्हणाले, "करेक्ट! राग हे सगळ्यात स्वस्त इंधन आहे. लिहून घ्या." अख्ख्या वर्गानं लिहून घेतलं. मी पण लिहिलं. हात आपोआप चालला, आणि लिहून झाल्यावर मला त्या हाताची शिसारी आली.

त्रिशलानं विचारलं, "सर, त्या बाईचं पुढं काय झालं?"

सर म्हणाले, "तो आपल्या स्कोपच्या बाहेरचा प्रश्न आहे."

थू! ह्यासाठी आबांनी मला शिकायला पाठवलं. स्कोप! पाय आत आणि बाई बाहेर.

मग असाइनमेंट मिळालं: ह्याच क्लिपला नव्या कॅप्शन लिहा, आणखी शेअर होतील अशा. तुम्हाला वाटेल पोरं डोकं चालवत बसली असतील. कसलं डोकं? एआयला सांगितलं आणि कॅन्टीनचा चहा यायच्या आत ढीगभर कॅप्शन तयार. त्या यंत्राला ना आई ना सासू, त्याला मी दोष देत नाही. पण त्याला "अजून थोडं टोचणारं दे" असं सांगणारं पोरगं वाळव्याचं आहे, त्याला तीन बहिणी आहेत, आणि तो राखीपौर्णिमेला मनगटावरच्या तिन्ही राख्यांचे फोटो टाकतो.

आमचा वर्गच तसला आहे, वहिनी. कुणी काही वाचत नाही. यंत्र लिहितं, आम्ही देतो, सरसुद्धा यंत्राकडनंच तपासून घेतात. एकदा तर अर्ध्या वर्गाचा निबंध एकाच वाक्यानं सुरू झाला आणि सगळ्यांना चांगले मार्क पडले. गेल्या महिन्यात महाबळेश्वरला सहल गेली होती. धुकं, भाजलेलं कणीस आणि घाटात दोघातिघांची ओकारी, एवढंच झालं. परत आल्यावर लिंक्डइनवर बघते तर रांगच लागलेली: 'स्ट्रॉबेरीच्या मळ्यानं मला नेतृत्वाविषयी काय शिकवलं.' अहो, जूनमध्ये स्ट्रॉबेरी असते का तिथं? नुसता चिखल होता. पण खाली सगळ्यांनी एकमेकांना 'प्रेरणादायी' म्हटलं होतं. मला पूर्वी ह्याचं हसू यायचं. आता तोंडात घाण चव येते, आणि चूळ भरून जात नाही.

मी असाइनमेंट दिलं नाही. सरांनी कारण विचारलं. "ती माझी वहिनी आहे" म्हणाले असते तर त्यांचे डोळे चमकले असते आणि मलाच पुढं उभं केलं असतं. म्हणून पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

शिवांजली

घर, १३ जुलै

वहिनी,

सोप्यात सगळे बसलेत, मी माडीवर येऊन लिहितेय. राग एवढा आहे की अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घ्या.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला "यावं असं मलाही वाटतं" असं लिहिलं होतं. ते मागं घेते. येऊ नका. गाडी आली, नारळ आला, मानाचे फेटे आले, तरी येऊ नका.

का ते सांगते. काल मी आले तर साईराज सोप्यात लॅपटॉप मांडून बसलेला. तुमच्या लाथेनं त्याचं पेज फुगलं. आता विट्याकडच्या एका साडीवाल्यानं त्याला गाठलंय. सत्तावीस तारखेला, श्रावणातल्या पहिल्या रविवारी, 'सून परत आली' अशी रील काढायची. सगळं लिहून तयार आहे, मी वाचलं. तुम्ही गाडीतनं उतरायचं. तेच दार, तेच माप, ह्या खेपेला हळूच कलंडवायचं. मग वाकून आईचे पाय धरायचे आणि म्हणायचं, "आई, चुकलं माझं." आई तुम्हाला उठवून पोटाशी धरणार. कॅमेरा साडीच्या काठावर. खाली अक्षरं: 'नाती जोडणारी साडी.'

मी म्हटलं, "तिचं चुकलं काय, साईराज? मार म्हणून तूच सांगितलंस ना?"

तर म्हणतो, "तायडे, चुकलं का न्हाई हा मुद्दाच न्हाई. पब्लिकला शेवट पायजे. आपुन द्यायचा. वहिनींचंच नाव सुधारतंय की त्यात!"

आणि आई, माझी सख्खी आई, हातातली भाजी तशीच ठेवून त्याला विचारते, "मी आदी रडायचं का आदी उठवायचं, साईराज?"

मी म्हटलं, "आई, लाज वाटू दे थोडी."

"कशाची लाज? गावात तोंड दावायला जागा न्हाई ऱ्हायली मला. औंधाला यमाईच्या दर्शनाला गेले तर पायरीवर बायका इचारत्यात, 'त्या लाथवाल्या सुनंची सासू तुमीच व्हय?' आता ह्येनं समद्यांची तोंडं गप हुत्याली. तिनं एकदा वाकलं तर काय झिजतीया का ती?"

"आणि तिला सांगितलंय का, शूटिंग आहे म्हणून?"

"आल्यावर सांगू की. सांगितलं तर ती येतीया व्हय!"

आबांकडं पाहिलं. दोन युद्धांच्या गोष्टी सांगणारा माणूस, खाटेवर पेपर उलटा धरून बसला होता. म्हणाले, "माझं काय चालतंय हितं? मला कवाच म्यूट केलंय." मला त्यांचीसुद्धा कीव आली नाही.

आता ऐका, कारण खरं सांगायचं ते पुढंच आहे. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तेव्हा आईचा फोन वाजला. दादा होता. स्पीकरवर होता म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला.

"आई, तिचा फोन लागतच न्हाई गं. नानांच्या नंबरवर लावू का?"

"आरं येड्या, किती डाव सांगू? आखाड हाय. आखाडात नव्या सुनंनं सासरच्या माणसाचं तोंड बघायचं नसतं, बोलायचं बी नसतं. तुझ्याच आयुष्याला वाईट असतंय. श्रावण लागू दे, मग बोल पोटभर."

"बरं," म्हणाला. नुसतं बरं! मी हात पुढं करेपर्यंत फोन बंद.

वहिनी, त्याला काही माहीत नाही. क्लिप गाजली हे माहीत नाही, तुम्ही भांडून गेलात हे माहीत नाही. त्याच्या लेखी तुम्ही आखाडाला माहेरी गेलात आणि तुमचा फोन बिघडलाय. आखाडात सुनेनं सासूचं तोंड बघू नये, एवढीच पद्धत आहे. नवऱ्याशी बोलू नये हे आईनं स्वतःच्या मनचं घातलं. आणि आमचा फौजी, बर्फात बंदूक घेऊन उभा राहणारा, आईच्या आखाडाला भ्याला.

एवढं कळल्यावर मला त्याचाही राग आलाच. बायकोचा आवाज ऐकायला पंचांग कशाला लागतं? पण तुम्हाला वाटत होतं तसं त्यानं तुम्हाला टाकलेलं नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे. तो ज्या नंबरवरनं बोलतो त्यावर उलटा फोन लागत नाही. म्हणून त्याच्या युनिटच्या पत्त्यावर आजच पत्र टाकतेय. पोस्ट तिथं कधी पोचतं देव जाणे.

शिवांजली

सांगली, २४ जुलै

वहिनी,

घाईत लिहितेय. त्रिशलाची आत्या भिलवडीला असते, ती जाताजाता हे नानांच्या हातात देईल.

रविवारी गाडी येणारच. साईराज स्वतः येईल, हात जोडेल, "दारात तमाशा नको" म्हणेल, वाटलं तर रडेल. नानांना म्हणावं, आधी गाडीची डिकी उघडून बघा. त्यात दिव्यांचे स्टँड आणि पांढरी छत्री असेल. ती दिसली की तुम्ही काय ते ओळखा.

दादाचं पत्र नाही, फोन नाही.

शिवांजली

सांगली, २ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही दार उघडलं नाहीत. नानांनी डिकी उघडायला लावली आणि साईराजला फाटकातनंच परत पाठवलं, हे त्यानं येऊन शिव्या घालत सांगितलं. मी मनातल्या मनात नानांच्या पाया पडले.

मला वाटलं, संपलं. मी मूर्ख. एवढं मार्केटिंग शिकून मला ते कळलं नाही.

मी आदल्या रात्रीच घरी गेले होते. गाडी रिकामी आली तेव्हा दारात सगळं मांडलेलं. माप भरलेलं, रांगोळी काढलेली, साडीवाला खुर्चीत बसून घड्याळ बघतोय, ऊन उतरायला लागलेलं. आई पायरीवर बसून खरंच रडायला लागली. साईराज म्हणाला, "पदर फुडं घेतला की कोण वळखतंय?"

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हटलं, "मेले तरी नाही." आईनं माझ्या जन्माचा उद्धार केला, मी हलले नाही. तेवढ्यात साईराजची नजर त्या पोरीवर गेली. साडीच्या दुकानातली, तुम्हाला साडी नेसवायला आणलेली. उंची तुमच्याएवढीच. तिला काही बोलायची सोय होती का? मालक समोर बसलेला. तिला साडी नेसवली, डोळ्यांच्या खाली पदर ओढला आणि ती आमच्या दारात आली. माप अलगद कलंडलं. वाकली. आईनं तिला उठवून पोटाशी धरलं, पाठीवरनं हात फिरवला. तुमच्या पाठीवरनं तो हात एकदाही फिरला नव्हता, वहिनी. एका टेकमध्ये झालं सगळं. साईराज म्हणाला, "बगा, नवखी असून किती सोपं केलं."

ती पोर आतल्या खोलीत स्वतःचा ड्रेस घालताना मला विचारते, "ताई, ह्या घरच्या सूनबाई कुठंयत? वारल्यात का?"

मी म्हटलं, "जिवंत आहेत. म्हणूनच आल्या नाहीत."

रील सोमवारी टाकली. तुम्ही पाहिली नसेल तर पाहू नका, पण लोक तुम्हाला येऊन सांगतील, म्हणून आधीच लिहिते. पहिलीपेक्षा जास्त चालली. ज्यांनी तुम्हाला कोंडून हाणायला सांगितलं होतं तेच आता बदाम पाठवतायत. 'शेवटी वळणावर आली.' 'संस्कार जिंकले.' 'अशी सासू मिळायला नशीब लागतं.' सरांनी गुरुवारी तीही वर्गात लावली, 'ब्रँड रिकव्हरी', म्हणजे गेलेलं नाव परत कसं मिळवायचं, म्हणून. मी उठून बाहेर आले. ह्या खेपेला पोटाचं कारण दिलं नाही. दारातनं ओरडून सांगितलं की ही माझी वहिनी आहे, आणि पडद्यावर जी आहे ती माझी वहिनी नाही. सर म्हणाले, "इंटरेस्टिंग!" मी तशीच एसटी स्टँडवर गेले आणि घरची गाडी पकडली. भांडायचंच होतं मला.

भांडण झालं, त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. काल सकाळी आम्ही एकमेकींशी न बोलता चहा पीत होतो, तेव्हा दादाचा फोन आला. ह्या खेपेला पार खालच्या मोठ्या तळावर उतरला होता, तिथं नेट आहे. माझं पत्र त्याला मिळालंच नव्हतं. रील मिळाली होती.

"आई! आली व्हय गं ती?" एवढ्या मोठ्यानं ओरडला की आबा खाटेवर उठून बसले. "मी बघितलं! सगळ्यांनी बघितलं! दे की जरा तिच्याकडं."

आईनं फोनवर हात ठेवला. माझ्याकडं पाहिलं, आणि फोन माझ्या हातात कोंबला. कुजबुजली, "तू बोल. नुसतं हां-हां म्हण. फोनमधी बायकांचा आवाज सारकाच येतो."

मला जन्म दिलेली बाई आहे ती.

फोनमध्ये दादा बोलायलाच लागला होता. हळू, मला कधीच ऐकायला न मिळालेल्या आवाजात. "संयोगिता? आखाड संपला बघ. लय वंगाळ गेला. आईच्या पाया पडलीस, तवा माझ्याच डोळ्यात पाणी आलं गं. कंपनीतल्या समद्यांना दावली मी रील. म्हटलं, ही बघा माझी बायको."

पुढचं काही तो बोलला असता, ते ऐकायचा हक्क मला नव्हता. मी म्हटलं, "दादा, मी शिवा आहे. वहिनी पलूसला आहेत. आखाडाला नाही, भांडून गेल्यात. जिला तू बघितलंस ती साडीच्या दुकानातली मुलगी होती."



तो म्हणाला, "पण मी वळखलं की तिला. चालण्यावरनं वळखलं."

आई जमिनीकडं बघत होती. आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाले, "आता तरी खरं सांगा रं त्येला," आणि मी सगळं सांगितलं, पहिल्या लाथेपासून. "मार की" तूच म्हणाला होतास, तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, नानांच्या नंबरवर लावतो. आखाडाची भीती गेलीय, आता तो लावेल.

उचलायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. तो रडेल, माफी मागेल, खरीच मागेल. तरी मी तुम्हाला घरी या म्हणणार नाही, पुन्हा कधीच नाही. तुमच्या जागी एक सून उभी केलीय त्यांनी आमच्या दारात, आणि लोकांना ती लय आवडलीय.

शिवांजली